सकाळची उंची, संध्याकाळची उंची

मी एक जुना खांब आहे. छत तोलणारा नव्हे, मुलांची उंची मोजणारा. नाशिकच्या एका शाळेच्या व्हरांड्यात मी उभा असतो. अंगावर पितळी पट्टी आणि डोक्यावर टेकवायची एक सरकती फळी, एवढाच माझा संसार.

त्याआधी मी सुरगाण्याच्या डोंगरात सागाचं झाड होतो. कोवळा असताना कुणीतरी कोयत्याने माझ्या बुंध्यावर खूण केली होती, जमिनीपासून हातभर उंचीवर. मी पुढे तीस हात वाढलो, तरी ती खूण हातभरावरच राहिली. मित्रांनो, झाडाबरोबर खूणही वर चढते असं तुम्हाला वाटत असेल. तसं होत नाही. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खाली ते नुसतं जाड होत जातं.

मला घडवलं खाजा मिस्त्रींनी. त्यांनी दोन वर्षं मला शेडमध्ये वाळवलं, रंधा मारला, पट्टी बसवली. शाळेत उभं केल्यावर ओळंब्याची दोरी सोडून मी सरळ उभा आहे ना, हे तीनदा पाहिलं, मगच घरी गेले.

दर जूनमध्ये मुलं बूट काढून माझ्या अंगाला पाठ टेकवायची. उंच दिसावं म्हणून कुणी हळूच टाचा उचलायचं. खेळाच्या आबिदा मॅडम खाली वाकून टाचेखाली बोट घालून बघायच्या. "टाचा खाली! मला फसवशील, खांबाला कसा फसवशील?" असं त्या म्हणाल्या की माझी छाती फुगायची.

मग एका पावसाळ्यात माझ्यावर आळ आला. सकाळी मॅडमनी सातवीच्या मुलींची उंची घेतली. त्याच दिवशी दुपारी आरोग्य तपासणीचं पथक आलं आणि त्याच मुली पुन्हा माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बहुतेक सगळ्या अर्धा-पाऊण सेंटिमीटरने कमी भरल्या. मुख्याध्यापक दिनेश सरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि खाजा मिस्त्रींना बोलावून घेतलं.

"मिस्त्री, सकाळपासून दुपारपर्यंत पोरी आखडल्या की काय? तुमचं लाकूड पावसाने फुगलंय."

"साहेब, लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला नाय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पोलादी टेप माझ्या अंगाला लावला. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

"मग पोरी खोट्या?" सरांनी विचारलं.

मिस्त्रींनी टेप पुन्हा एकदा लावून दाखवला. आठवड्याभरात चकाकतं नवं यंत्र आलं आणि मला मोडक्या बाकांमागे अडगळीत टाकलं. मिस्त्री जाताना माझ्यावरून हात फिरवून गेले. सहा वर्षं मी तिथे होतो. धूळ सोसवते मित्रांनो, पण खोटा ठरल्याचं दुःख फार जड असतं.

सहा वर्षांनी चैताली शाळेत आली. त्या सातवीतलीच ती, वर्गात सगळ्यात बुटकी. आता एकोणीस वर्षांची झाली होती आणि पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर धावत होती. अडगळीच्या खिडकीबाहेर आबिदा मॅडमसमोर ती उभी राहिली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज घट्ट होता.

"मॅडम, उंचीत बाद झाले. एकशे पंचावन्न लागते. एकशे चोपन्न पॉइंट सात भरली. तीन मिलिमीटर! घरी सकाळी उठल्यावर मोजली होती, तेव्हा पंचावन्नच्या वर होती. भरतीला पाच तास रांगेत उभी होते."

"सकाळी जास्त, दुपारी कमी?" मॅडम थबकल्या. त्यांना ते दोन कागद आठवले. "चल माझ्याबरोबर."

नव्या यंत्राचे सेल संपलेले होते. दोघींनी मिळून बाक सरकवले आणि मला ओढून बाहेर काढून भिंतीला सरळ उभं केलं. मॅडमनी पदराने माझी पट्टी पुसली. पंधरा दिवस चैताली सकाळी सातला आणि दुपारी चारला मला पाठ टेकवून उभी राहिली. सकाळी एकशे पंचावन्न पॉइंट पाच, दुपारी चोपन्न पॉइंट सात. रोज जवळपास तेच. मॅडमनी शरीरशास्त्राचं पुस्तक काढलं आणि तिथे उत्तर सापडलं.

ऐका मित्रांनो. तुमच्या पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. दिवसभर शरीराचा भार पडून त्यांच्यातलं थोडं पाणी बाहेर दाबलं जातं आणि त्या चपट्या होतात. रात्री आडवं झालात की पाणी परत शोषून त्या पुन्हा फुगतात. म्हणून प्रत्येक माणूस सकाळी थोडा उंच असतो आणि संध्याकाळी थोडा बुटका. अंतराळात भारच नसतो, तिथे अंतराळवीर काही सेंटिमीटर वाढतात आणि पृथ्वीवर परतले की पुन्हा पहिल्यासारखे होतात. म्हणजे त्या दिवशी मीही खरा होतो आणि मुलीही खऱ्याच होत्या.

मॅडमनी दिनेश सरांना बोलावलं. सर सकाळी माझ्यासमोर उभे राहिले आणि शाळा सुटताना पुन्हा. आठ मिलिमीटर कमी! सरांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "खाजा मिस्त्रींना फोन लावा. म्हणावं, खांब परत बसवायचाय, ओळंबा घेऊन या. आणि माझं चुकलं, तेही सांगा. नको, राहू द्या, ते मीच सांगतो."

पण चैतालीचा प्रश्न बाकी होता. भरतीच्या रांगेत नंबर कधी लागेल हे आपल्या हातात कुठे असतं?

"रांगेत उभी राहूच नकोस," मॅडम म्हणाल्या. "आडवी हो. नंबर येईपर्यंत उठायचं नाही."

"मॅडम, ही फसवणूक तर नाही ना?"

"टाचा उचलल्यास तर फसवणूक. सकाळची उंचीसुद्धा तुझीच आहे ना?"

पुढच्या भरतीला चैतालीने जमिनीवर चादर अंथरली आणि ती सरळ आडवी झाली. मुली हसल्या. कुणी म्हणालं, "ताई, झोपायला आलीस का?" ऊन चढलं, डोळ्यांवर ओढणी घेऊन ती तशीच पडून राहिली. नाव पुकारल्यावर उठली, टाचा टेकवून उभी राहिली. एकशे पंचावन्न पॉइंट दोन.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली तेव्हा हे सगळं तिने मॅडमना सांगितलं आणि मीही ऐकलं. पुढे आठशे मीटरच्या धावण्यात मात्र तिला चार गुण कमी पडले आणि यादीत नाव लागलं नाही. पेढे वाटून झाले होते. ती हिरमुसली, पण यादी लागल्यावर तिसऱ्याच दिवशी पहाटे पुन्हा मैदानावर होती. आता तिचं भांडण माझ्या पट्टीशी नाही, मॅडमच्या हातातल्या स्टॉपवॉचशी आहे. आठवड्याला एक-दोन सेकंद ती त्याच्याकडून हिसकावून घेते आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्या फळीला दप्तरं लटकवू नका, महिन्यातून एकदा पट्टी पुसा. आणि कुणाचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळला नाही, तर त्याला लगेच अडगळीत टाकू नका. पुन्हा मोजा, सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा. माझ्यासमोर कमी भरलात तर मान खाली घालू नका. मान खाली घातली की उंची आणखी कमी भरते. ताठ उभे राहा आणि उद्या परत या. मी इथेच आहे.