एकटीनं लावायचं यंत्र

मुलानं ताट पुढे सरकवून घसा खाकरला तेव्हाच मी ओळखलं, हा घरून काहीतरी ठरवून आलाय.

"आई, जमीन कुणालातरी करारानं देऊन टाकू. तू आमच्याकडे राहायला ये."

"का? इथे माझं काय अडलंय?"

"बाहेर बघ म्हणजे कळेल."

बाहेर बघायची गरजच नव्हती. गवत खिडकीतून आत डोकावत होतं. बारा एकर जागा, थोडी उताराची, मधेमधे फळझाडं, खाली ओढा, आणि जिकडेतिकडे छातीइतकं गवत. हे गेले तशी शेती बंद केली, गुरं विकली. पण मालक गेला हे गवताला कोण सांगणार? ते आपलं वाढतंय. वाळलं की एक ठिणगी पुरे, घरासकट सगळं भस्म. मुलगा घाबरत होता तो उगाच नाही, एवढं मलाही कळत होतं.

आता कुणाला वाटेल, म्हातारीला ट्रॅक्टर चालवता येत नसेल. अहो, ट्रॅक्टर मी लग्नाच्या आधीपासून चालवते! अडत होतं ते वेगळंच. आमचं गवत कापायचं जुनं यंत्र म्हणजे नुसती म्हैस. ट्रॅक्टरच्या मागे दोन लोखंडी हात खाली, एक वर. यंत्र त्या तिन्ही हातांत बसवायचं. मी ट्रॅक्टर बोटबोटभर मागे घ्यायचे, हे खाली उभे राहून यंत्राला खांदा लावायचे, आणि आम्ही दोघं एकमेकांना मनसोक्त शिव्या द्यायचो. एकदाचं बसलं की दोघंही खूश. आता खांदा लावणार कोण? शेजाऱ्याला हाक मारली की "आलोच काकू" म्हणायचा आणि चार दिवसांनी उगवायचा. मला कुणाच्या तोंडाकडे बघत बसायला जमत नाही. पहिल्यापासूनच नाही.

"नवीन यंत्र घेऊ," मी म्हटलं. "मला एकटीला लावता येईल असं."

"असं काही नसतं, आई."

"आणि असलं तर?"

तो हसला. लहान असताना मला असाच हसून फसवायचा. "असलं, तर घे. पण मग सगळं रान तू एकटीनं कापायचंस. शेजारी नाही, मजूर नाही. पुढच्या महिन्याच्या शेवटी मी येतो. झालं असेल तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नसेल झालं, तर निमूटपणे सामान बांधायचं."

"निमूटपणे मी काहीच केलेलं नाही आजवर. पण चालेल."

दुसऱ्याच दिवशी आम्ही यंत्रांच्या दुकानात गेलो. दुकानदार असा गोडबोल्या की त्याच्या बोलण्याला मुंग्या लागाव्यात. मला खुर्ची दिली, चहा दिला आणि यंत्रं दाखवायला घेऊन गेला मुलाला! मी चहा तसाच ठेवला आणि त्यांच्या मागून गेले.

पहिलं यंत्र लाल, चकचकीत. खाली पाळण्याच्या गाडीला असतात तशी चार चाकं. "गालिचा होतो गालिचा," गोडबोल्या मुलाला म्हणाला.

"छातीइतकं गवत कापेल?" मी विचारलं.

"नाही म्हणजे... ते बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी आहे, मावशी."

"मग मला कशाला दाखवतोस? माझ्या घरापुढे हिरवळ नाही, जंगल आहे."

दुसरं चांगलं होतं, खरं सांगते. आत फिरत्या दांड्याला कितीतरी छोटे हातोडे लटकवलेले. दगड लागला तर हातोडा मागे झुलतो, मोडत नाही. मला आवडलं. पण मी म्हटलं, "हे ट्रॅक्टरला लावून दाखव."

गोडबोल्यानं टाळी वाजवली. आतून दोन दांडगे गडी आले. एकानं पहार घातली, दुसऱ्यानं पाठ लावली, वरून ड्रायव्हर "अजून, अजून" ओरडतोय. बऱ्याच खटपटीनंतर खट्ट झालं.

"बघा, किती सोपं!" गोडबोल्या म्हणाला.

"सोपं आहे," मी म्हटलं. "हे दोघं यंत्राबरोबर फुकट मिळतात का?"

ते गडी फिदीफिदी हसले. मुलानं कपाळाला हात लावला. तिसरं, चौथं, प्रत्येकाच्या वेळी मी हेच म्हटलं, लावून दाखव. आणि प्रत्येक वेळी ती टाळी आणि ते दोन गडी. शेवटी मुलगा हळूच म्हणाला, "आई, मी म्हटलं होतं ना? चल आता." त्याच्या आवाजात विजय नव्हता, कीव होती. तीच मला झोंबली. तळपायाची आग मस्तकात गेली अगदी.

तेवढ्यात मला ते दिसलं. कुंपणाला टेकून, धुळीनं माखलेलं, रुंद, स्वतःच्या दोन चाकांवर उभं. पुढे लांब दांडा, दांड्याखाली फिरवायचा जॅक.

"हे काय आहे?"

"ते सोडा, मावशी. ते ओढायचं आहे. कुणी घेत नाही."

"का?"

"लावायला सोपं आहे. जॅकनं दांडा वरखाली करायचा, एक पिन टाकायची, पाती फिरवणारा शाफ्ट ट्रॅक्टरला जोडायचा, झालं. कापतंही दाबून. पण मागे घेताना उलटं वळतं ना! ट्रॅक्टर इकडे तर हे तिकडे. भल्याभल्या ड्रायव्हरांना घाम फुटतो."

मी यंत्राभोवती एक फेरी मारली. पाती जाड होती. रुंदी बघितली, ट्रॅक्टरच्या चाकांच्या बाहेर वीतभर येत होती. म्हणजे चाकाखाली तुडवलेलं गवतही सुटणार नाही. आणि मागे घेणं? ते तर घरचंच काम! अहो, मालानं भरलेल्या ट्रॉल्या आयुष्यभर मागे घेत आले मी. अरुंद गल्लीतून, चिखलातून, भांडणात रुसून बसलेला नवरा ट्रॉलीवर असतानासुद्धा.

"ट्रॅक्टरची चावी दे," मी म्हटलं.

"मावशी, मागे नवे ट्रॅक्टर उभे आहेत रांगेनं..."

"दिसतात मला. चावी दे."

मी स्वतः जॅक फिरवला, स्वतः पिन टाकली. वर चढले. मागे वळून पाहिलं तर मुलाचा चेहरा पांढराफटक. स्टिअरिंग उलट्या बाजूला थोडंसं, मग सरळ, मग पुन्हा थोडंसं. घाई करायची नाही, यंत्राला आपल्या आधी वळू द्यायचं नाही. नव्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून ते धूड मी मागे मागे नेलं, कोपऱ्यावर वळवलं आणि दोन खांबांच्या मधे नेऊन उभं केलं. एकाही ट्रॅक्टरला नखभर ओरखडा नाही. ते दोन गडी शिट्ट्या मारायला लागले. गोडबोल्याच्या तोंडातला गोडवा कुठल्या कुठे पळाला. "मावशी, इथे नोकरी कराल का?" एवढंच तो म्हणाला.

"मला वेळ नाही," मी म्हटलं. "रान कापायचंय."

घरी आणलं आणि दुसऱ्याच सकाळी माझी जिरली. दांडा बसला, पिन बसली, पण शाफ्ट काही केल्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांडीवर चढेना. ढकललं, ओढलं, लाथ घातली. त्याच्या कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हात ग्रीसनं काळे, दंड भरून आलेला. शेवटी तिथेच मातीत बसले आणि रडू आलं. खोटं कशाला सांगू? वाटलं, संपलं. पोरगा बरोबर होता. फोन काढला, शेजाऱ्याचा नंबरही लावला. पलीकडे घंटी वाजली आणि माझ्याच कानात ऐकू आलं, "आलोच काकू." पटकन फोन बंद केला.

उठले. चिंधीनं दांडी पुसली. नीट बघितलं तर दांडीचे दाते आणि शाफ्टच्या आतल्या खाचा एकमेकांसमोर नव्हत्याच. मग कसं बसेल? लाथ घालून डोकं चालत नाही. शाफ्ट केसभर फिरवला, कडी दाबून धरली, पुढे सरकवला. खट्ट! असा गोड आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. एकटीच टाळ्या पिटत नाचले. बघायला कुणी नव्हतं तेच बरं.

त्यानंतर मी आणि गवत. रोज ऊन चढायच्या आत थोडं, ऊन उतरल्यावर थोडं. उतारावर सावकाश, झाडांभोवती वळसे घेत. ओढ्याकडच्या चिंचोळ्या पट्ट्यात तर वळायला जागाच नाही. पुढे कापत जायचं आणि मागे मागे बाहेर यायचं, तिथे ट्रॉल्या मागे घेण्याची सवयच कामाला आली. रात्री कंबर म्हणायची, बाई, बस कर. सकाळी मी तिला म्हणायचे, चूप. आणि गवताखालून हळूहळू आमची जमीन वर आली. तिचे उंचवटे, खळगे, यांनी बांधलेला दगडी बांध. किती दिवसांनी दिसला तो! मी ट्रॅक्टर बंद करून त्याच्याकडे बघत राहिले. आनंद झाला, दुसरं काय म्हणू.

ठरल्याप्रमाणे मुलगा आला. फाटकाशी गाडी थांबवली आणि तिथेच उभा राहिला. मग आत न येता रानात शिरला. मी पायरीवर बसून बघत होते. सगळीकडे फिरला. झाडांच्या बुंध्यांशी वाकला, बांधापलीकडे डोकावला, ओढ्यापर्यंत जाऊन आला. चूक शोधत होता, लबाड! मापं काढून बघितली असती तरी सापडली नसती.

परत आला तो थेट पायरीशी. खिशातून फोन काढून बायकोला लावला.

"अगं, आई येत नाहीये... नाही, रागावली नाही. तब्येत? माझ्यापेक्षा बरी आहे... हो, सगळं. एकटीनं. अगं, खरंच सांगतोय." मग जरा थांबून म्हणाला, "तो पलंग परत पाठवून दे."

"कसला पलंग?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "तुझ्यासाठी आणला होता. खिडकीशी लावलाय. तुला उजेड लागतो ना सकाळी."

इतके दिवस मी समजत होते, पोरगा मला सामानासारखं उचलून नेतोय. त्यानं तर खिडकी बघून जागा धरली होती माझी. पण म्हणून मी हरणार नव्हते हं. जिंकले ते जिंकलेच.

त्याच्या हातातून फोन घेतला. "सूनबाई, पलंग कुठेही पाठवायचा नाही. मी येणार आहे त्याच्यावर झोपायला. चार दिवस चांगली ताणून देईन."

"चारच दिवस, आई?"

"मग? गवत काय माझ्या धाकात आहे, मी येईपर्यंत वाढायचं थांबायला?"

ती तिकडे इतकी हसली की मुलालाही ऐकू गेलं. मी त्याला म्हटलं, आत चल, हात धू, भूक लागली असेल.