न घेतलेली पत्रं

“आग लावल्याबद्दल शिक्षा आहे, मॅडम. आणि त्या आगीत रखवालदार गेला,” तुरुंगाच्या रेकॉर्ड रूममधला कारकून चाचरत म्हणाला. “मी वाचून दाखवू, की...”

“द्या इकडे. चष्मा आहे माझ्याजवळ.”

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची चौतीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेली; स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आईवडील गेल्यावर घरात बोलायला भिंतीच उरल्या. वडिलांच्या पेटीत तुरुंगातून आलेलं एक पत्र सापडलं: ‘कैदी मयत.’ नाव आजोबांचं. आजोबा जहाजावर गेले ते परत आलेच नाहीत, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

शोध घेते म्हटल्यावर धाकटा भाऊ फोनवर उखडलाच. “कशाला मढी उकरतेस, ताई? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“माझी रिकामीच आहे रे,” ती म्हणाली होती.

कुणीतरी आजोबांना गोवलं असेल, अशी एक वेडी आशा मनात होती. तिनं सगळे कागद पालथे घातले. मालकानं कामावरून काढलं, म्हणून त्यांनी लाकडाची वखार पेटवली. आत माणूस झोपलाय हे ठाऊक नव्हतं. ‘गुन्हा कबूल आहे.’ खाली सही. रखवालदाराला तीन मुलं होती. ते वाक्य तिनं पुन्हा वाचलं.

फाइलच्या तळाशी सुतळीनं बांधलेला गठ्ठा निघाला. वर्षाला एक अशी एकोणीस पत्रं, सगळी परत आलेली. सुरुवातीच्या पाकिटांवर ‘घेण्यास नकार’च्या शेऱ्याखाली आजीचा अंगठा. पुढच्यांवर तेच शब्द शाईनं लिहिलेले. ‘र’ची शेपटी एवढी लांब ओढणारा एकच माणूस तिला माहीत होता. त्यानंच तिचा हात धरून तिला अक्षरं गिरवायला शिकवली होती.

“ही फोडलेलीच नाहीत हो.”

“तुमच्याच घरची आहेत. फोडा. मी बघितलं नाही.”

तिनं शेवटचं उघडलं.

‘आपल्या गल्लीतला एक जण इथं आलाय. म्हणाला, तुला मुलगी झाली. बरं वाटलं. भेटायला येऊ नकोस, तिला तर मुळीच आणू नकोस. नाव काय ठेवलं, तेवढं कळव.’

त्यानंतर दोनच महिन्यांनी आजोबा गेले होते. ते कळवणारं पत्र तेवढं वडिलांनी घेतलं होतं. जपूनही ठेवलं होतं.

वडिलांचा राग यायला हवा होता. पण बाप तुरुंगात गेला तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या त्या पोराला गल्लीतली मुलं काय म्हणून हाक मारत असतील, तेही तिच्या डोळ्यांपुढं आलं.

“मॅडम, बंद करायची वेळ झाली.”

“दोनच मिनिटं.”

कारकून पलीकडच्या खिडक्या लावायला गेला. तिनं पत्र टेबलावर सरळ केलं, घसा साफ केला आणि एकेक अक्षर सुटं करत आपलं नाव सांगितलं. थोडी थांबली. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.