उकंडरावाची दोन बोटं

रामनवमी तीन दिवसांवर आली, आणि निवृत्तीबुवा अजून बुलढाण्याच्या दवाखान्यातच! काचबिंदूनं धरलेल्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता, जखमही भरली होती. पण डोळ्यातला ताण पुन्हा चढतो की काय, हे रोज पाहायचं म्हणून डॉक्टर उद्धवराव सोडेनात. तिकडं बुवांच्या धाड गावात मंडप उभा राहिला. बुवांवाचून रामजन्माचं कीर्तन करणार कोण?

त्यांचा पखवाजी उकंडराव सकाळीच हात जोडून उभा राहिला. "साहेब, बुवाले घरी न्याचं हाय."

"आणि ताण कोण पाहील? नागपूरहून आणलेलं हे यंत्र तुमच्याबरोबर देऊ?"

खाटेवरून बुवा खदखदून हसले. "साहेब, ह्या उकंड्याचे बोटंच यंत्र हायेत! पखवाजाच्या पुडीवर बोट टेकलं का सांगते, चढली का उतरली."

डॉक्टर थबकले. यंत्र येण्याआधी तेही बोटांनीच ताण जोखत असत. त्यांनी उकंडरावाला बसवलं. रोग्यानं खाली पाहायचं, मिटल्या पापणीवर दोन्ही तर्जन्या अलगद ठेवायच्या, आळीपाळीनं किंचित दाबायचं. "नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर ठीक. कपाळासारखं टणक लागलं तर धोका."

पहिली पाळी शेजारच्या खाटेवरच्या गोजरबाईची. "हळू रे बाप्पा! डोळा हाय माहा, पखवाज नाही!"

"कपाळ," उकंडराव पुटपुटला.

डॉक्टरांनी बाईच्या डोळ्यात बधिर करणारं औषध घातलं, यंत्र बुबुळावर टेकवलं, काटा पाहिला. "अगदी बरोबर!"

सगळ्या खाटा उठून बसल्या. आता बुवा. उजवा डोळा, ऑपरेशनचा. उकंडरावाचा चेहरा उजळला. "नाक, साहेब! पक्कं नाक!"

पण पखवाजाची एक बाजू पाहून दुसरी न पाहता उठायची त्याला सवयच नव्हती. बोटं आपोआप डाव्या डोळ्यावर गेली अन् तिथंच थिजली. मागच्या आठवड्यात हा डोळा यंत्रावर ठीक होता. आज त्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. बोललो तर बुवा इथंच अडकणार, आणि मंडप सुना राहणार. रामराया, हे कसलं कोडं घातलंस! तो डॉक्टरांकडे वळला.

"साहेब, डावा कपाळ लागून राह्यला."

"उकंड्या, तू माह्या बाजूचा का डॉक्टरच्या, बे?"

"तुमच्या डोळ्याच्या बाजूचा, बुवा."

यंत्र लागलं. डॉक्टरांनी काट्याचा आकडा तक्त्यात पाहिला. अडतीस! एकविसाच्या वर ताण म्हणजे धोका. लगेच थेंब घातले, दर तासाला घातले. उकंडराव जेवलाही नाही. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत रामनाम घेत राहिला. दुपारी तीनला त्याला बोलावलं. त्यानं डोळे मिटून बोटं ठेवली, एकदा, दुसऱ्यांदा, आणि ओरडलाच, "उतरला! साहेब, उतरला!"

यंत्रानं सांगितलं, एकवीस.

"न्या बुवांना," डॉक्टर म्हणाले. "रोज तीनदा थेंब, दोन वेळा तुमची बोटं. जरा टणक लागलं की मंडपातून उठवून गाडीत घाला. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी तर इथं याच."

"मंडपातून उठवू?" उकंडराव घाबरला. "लोकं मारतीन मले."

"मी सांगीन त्याह्यले," बुवा म्हणाले, "का माहा तिसरा डोळा ह्या माणसाच्या बोटात हाय!" आणि त्यांना राहवेना; खाटेवरच बसून त्यांनी हलक्या आवाजात रामाचं नाव धरलं. गोजरबाई टाळ्या वाजवू लागली. पखवाज गावीच राहिला होता, म्हणून उकंडरावानं औषधांची रिकामी पेटी पुढ्यात ओढली आणि ठेका धरला. पुढच्या रोग्याला हाक मारायचं विसरून डॉक्टर दारात उभे राहिले. त्यांचा बूट फरशीवर समेवर पडत होता.