मेथीची बातमी

मंदाकिनीबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस डोळ्यांना अजिबात ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. डावा डोळा आधीपासूनच धुरकट होता. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, गॅसपाशी उभं राहायचं नाही. डोंबिवलीतल्या एका वाचनालयात उभी हयात पुस्तकं देण्याघेण्यात घालवलेल्या बाईला हे फार जड गेलं. पण टीव्ही ऐकू नका, असं डॉक्टर म्हणाले नव्हते.

आणि टीव्हीत त्यांची लेक होती. वल्लरी पडद्यावर दिसत नसे, फक्त ऐकू येई. एका मराठी वृत्तवाहिनीसाठी ती आवाज द्यायची. दृश्यं सरकत असताना मागून जो आवाज बातमी सांगतो, तो तिचा. स्टुडिओ कोलशेतला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. घर घोडबंदर रोडला. तिथून डोंबिवलीला यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जायचा, त्यामुळे ती आठवड्यातून एकदा यायची. बाकीचे दिवस मंदाकिनीबाई टीव्ही लावून ठेवायच्या. लेक शेजारच्या खोलीत काम करता करता बोलते आहे असं त्यांना वाटायचं. ती काय बोलते याकडे त्यांचं फारसं लक्षही नसे.

ऑपरेशननंतर दिवस विरघळल्यासारखे झाले. पडदे ओढलेले, डोळ्यांवर काळा चष्मा, खिडकीपाशी आरामखुर्ची. सकाळी बायजा यायची. मोहन्याहून येऊन ती या भागात दोन घरचा स्वयंपाक करायची. ती डोळ्यांत थेंब घालायची, पोळीभाजी करून ठेवायची, जायची. मग घर पाण्याच्या तळाशी गेल्यासारखं शांत व्हायचं. डुलकी कधी लागली आणि कधी उतरली हे मंदाकिनीबाईंना कळत नसे. झोपेतही आवाज चालू असायचा आणि जाग आल्यावरही. मध्ये काही उंबरठा उरला नव्हता.

त्याच आठवड्यात उत्तरेकडच्या एका लांबच्या शहरात बाजारात स्फोट झाला. नऊ माणसं गेली. बातम्या लिहून देणारा सलिल दिवसभर वल्लरीच्या हातात कागद देत राहिला. बाजारपेठ रक्तानं माखली. मृत्यूचं तांडव. थरकाप उडवणारी दृश्यं. दुपारनंतर नवं काही कळत नव्हतं, दृश्यं तीच होती, त्यामुळे शब्द चढत गेले. संध्याकाळी सलिलनं नवी ओळ आणली : ‘दहशत आता तुमच्या दारात?’

वल्लरीनं विचारलं होतं की आपल्याकडे काही झालंय का. नाही, असं सलिल म्हणाला, म्हणून तर प्रश्नचिन्ह लावलंय. प्रश्नचिन्ह लावलं की आपण काही म्हटलेलं नसतं.

वल्लरीनं ती ओळ वाचली. ‘दारात’ या शब्दाआधी ती किंचित थांबली, आवाज खाली नेला. इतकी वर्षं याच कामात असल्यामुळे कुठे थांबलं की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, हे तिला माहीत होतं. सलिलनं काचेपलीकडून अंगठा दाखवला. ती ओळ पुढचे दोन दिवस दर तासाला वाजत राहिली.

डोंबिवलीत मंदाकिनीबाई डोळे मिटून ती ओळ ऐकत होत्या. एका दुपारी डुलकीत त्यांना जवळचा फडके रोड दिसला. दिवाळीच्या सकाळसारखा माणसांनी भरलेला, पण सगळी माणसं खाली बघून चालत होती आणि कुणाच्याच पावलांचा आवाज येत नव्हता. मधूनच धूर यायचा. तो त्यांच्या डाव्या डोळ्यातला नेहमीचा धूर होता, पण स्वप्नात त्याला वास होता. वरून वल्लरी सांगत होती, शांतपणे, लहानपणी कविता पाठ म्हणून दाखवायची तशी : तुमच्या दारात. मग त्यांना स्वतःचं दार दिसलं, त्यावरची पितळी पाटी दिसली. जाग आल्यावर त्या उठून कडी लावून आल्या. थोड्या वेळानं ती लावली की नाही हे आठवेना, म्हणून पुन्हा जाऊन बघून आल्या.

फोनवर त्यांनी वल्लरीला यातलं काही सांगितलं नाही. तू नीट राहा, एवढंच म्हणाल्या. वल्लरीला वाटलं, ऑपरेशनमुळे आई हळवी झालीय.

शुक्रवारी लिफ्ट बंद होती. बायजा भाजीची जड पिशवी घेऊन चार मजले चढली. दाराशी पोचल्यावर तिला आठवलं, थेंबांची नवी बाटली औषधवाल्याकडून घ्यायची राहिली. पिशवी दाराला टेकवून ती तशीच खाली उतरली.

आत मंदाकिनीबाईंना दारावर काहीतरी आदळल्यासारखं ऐकू आलं. त्यांनी कोण आहे म्हणून विचारलं. उत्तर नाही. दाराच्या भिंगातून डाव्या डोळ्यानं पाहिलं, तर खाली एक काळा आकार. त्यांनी सोसायटीचा सेक्रेटरी आनंद याला फोन लावला आणि म्हणाल्या, “माझ्या दारात बेवारस वस्तू ठेवलीय.”

त्या एरवी असं बोलत नसत. ‘अहो, दाराशी कुणाची तरी पिशवी दिसतेय’ असं म्हणाल्या असत्या. पण टीव्हीवर ऐकलेले ते दोन शब्द तयार होऊन तोंडात आले, आणि ते ऐकल्यावर आनंदलाही वर येऊन बघावंसं वाटलं नाही. त्यानं पोलिसांना कळवलं. अर्ध्या तासात इमारत रिकामी झाली. मंदाकिनीबाईंना कुणीतरी दंडाला धरून, पिशवीच्या बाजूनं भिंतीला चिकटून, खाली आणलं. भर उन्हात त्या काळ्या चष्म्यासह रस्त्यापलीकडे उभ्या राहिल्या. समोर सगळं पांढरं दिसत होतं.

बायजा दोन दुकानं फिरून बाटली घेऊन परतली तेव्हा तिला काही कळेना. कळलं तेव्हा ती पुढे होऊन म्हणाली की पिशवी माझी आहे. हे ऐकताच आजूबाजूची माणसं, त्यांत आनंदही, मागे सरकली आणि तिच्याभोवती मोकळं वर्तुळ झालं. दोन पोलीस तिच्या दोन बाजूंना उभे राहिले. पिशवीत स्टीलचा डबा होता, त्यामुळे तपासायला वेळ लागला. आत मेथीच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा आणि डब्यात तिची स्वतःची भाकरी. तोवर चार-पाच जणांनी शूटिंग करून घेतलं होतं.

कोलशेतला सलिलनं वल्लरीच्या हातात कागद दिला. ‘डोंबिवलीत दहशत! बेवारस पिशवीनं उडवली झोप.’ वल्लरी बूथमध्ये गेली, कानाला हेडफोन लावला आणि समोरच्या पडद्यावर दृश्यं सुरू झाली. इमारतीचं फाटक. रस्त्यावरची गर्दी. मग काळा चष्मा लावलेली एक म्हातारी बाई, तोंड किंचित उघडं, हात कुणाच्या तरी हातात. वल्लरीनं पहिलं वाक्य अर्धं वाचलं होतं. ती आपली आई आहे हे तिला लगेच उमगलं नाही. आपण हे कुठेतरी पाहिलंय, एवढंच वाटत राहिलं. त्यानंतर दोन पोलिसांमध्ये बायजा आली आणि तिच्याखाली अक्षरं उमटली : ‘संशयित महिला ताब्यात?’

वल्लरी वाचणं सोडून बूथबाहेर आली. आईचा फोन लागेना म्हणून तिनं आनंदला फोन केला. सगळं आटोपलंय, त्यात भाजी होती, असं त्यानं सांगितलं. आई घरी आहे. बायजा स्वयंपाक न करताच निघून गेली.

वल्लरीनं हे सलिलला सांगितलं, ती माझी आई आहे हेही सांगितलं. सलिल वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं, घरी जायला सांगितलं. पण बातमी काढून टाकायला तो तयार नव्हता. बाकीच्या वाहिन्यांवर ती लागली होती. शेवटी एक वाक्य घालू, म्हणाला, की तपासणीत काही आढळलं नाही. वल्लरी म्हणाली, मग पहिल्यापासून तेच सांग. सलिल म्हणाला, “काही आढळलं नाही यात बातमी काय आहे?” तिनं वाचायला नकार दिला. ऋतिका नावाची नवी मुलगी आत गेली आणि तिनं ते छान वाचलं, जिथे थांबायचं तिथे थांबून.

संध्याकाळी वल्लरी डोंबिवलीला पोचली. घरात टीव्ही बंद होता. आई पलंगावर बसली होती. लेक आल्याचं कळल्यावरही तिनं मान वर केली नाही. बायजाला माझ्यामुळे लोकांनी असं वागवलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. वल्लरी तिच्याशेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं :

“आई, स्फोट कुठे झालाय, माहितीये ना तुला?”

“इथेच ना,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “तूच तर सांगत होतीस.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. वल्लरीनं आईचा हात हातात घेतला आणि बातमी सांगायला सुरुवात केली, अगदी साध्या घरच्या आवाजात. ते शहर फार लांब आहे, आपण कधी गेलोही नाही तिथे. दुपारी बाजारात एका दुकानाबाहेर स्फोट झाला. नऊ जण गेले. एक जण बांगड्या विकायचा. एक बाई मुलीला शाळेचे बूट घ्यायला आली होती. दोघं भाऊ होते, त्यांचं लस्सीचं दुकान. ज्यांनी केलं त्यातले दोघं पकडलेत. कालपासून बाजार पुन्हा उघडलाय.

“बाजार उघडला?” आईनं विचारलं.

“हो.”

“हे नाही कुणी सांगितलं.” मग त्या म्हणाल्या, “आणि ती बुटांची बाई?”

वल्लरीला जेवढं माहीत होतं तेवढं तिनं सांगितलं. मुलगी तिसरीत आहे. बाबांबरोबर आहे. मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला आणि रडू लागल्या. डोळ्यांना त्रास होईल म्हणून वल्लरी त्यांना थांबवू पाहत होती, पण त्या थांबल्या नाहीत. दोन-तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना ती माणसं दिसत होती. इतके दिवस त्यांना फक्त स्वतःचं दार दिसलं होतं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

बायजा शनिवारी आली नाही, फोनही उचलला नाही. रविवारी सकाळी मायलेकी रिक्षा करून मोहन्याला गेल्या. बंद रेयॉन कारखान्याच्या लांबच लांब भिंतीवरून धुकं उतरत होतं. नदीकडून ओला वारा येत होता आणि त्या भिंतीला अंत नाही असं वाटत होतं. बायजाचं घर मागच्या चाळीत. तिचा नवरा गुणाजी दाराशी बसला होता, त्यानं उठून जागा दिली. बायजानं चहा टाकला.

मंदाकिनीबाई म्हणाल्या, “बायजा, मी घाबरले होते. पण चूक माझी. मला माफ कर.”

“तुमचं नाय काकू एवढं,” बायजा म्हणाली. “तुम्हाला दिसत नव्हतं. बाकीच्यांना तर दिसत होतं ना. रोज जिन्यात भेटतात मला. तरी सगळे लांब सरकले, मी एकटीच उभी राहिलेली.”

मग हळूहळू बाकीचं कळलं. तिचा व्हिडिओ मोहन्यापर्यंत आला होता. नळावर बायका बघून गप्प व्हायच्या. दुसऱ्या ज्या घरी ती स्वयंपाक करायची, तिथून निरोप आला होता की काही दिवस येऊ नका. टीव्हीवर माझ्याबद्दल काय काय म्हणाले, असं तिनं वल्लरीला विचारलं. तुमचं नाव कुठेच घेतलेलं नाही, असं वल्लरीनं सांगितलं. बायजानं मान हलवली.

“नाव नाय घेतलं म्हणूनच तर,” ती म्हणाली. “ताई, तुम्ही टीव्हीत आहात. पिशवीत मेथी होती, एवढं सांगा. आणि माझं नाव घेऊन सांगा.”

सोमवारी वल्लरीनं सलिलसमोर तीन ओळी ठेवल्या. त्यानं वाचल्या, पुन्हा वाचल्या. यात एकही विशेषण नाही, म्हणाला. नाही, असं ती म्हणाली. शिळी बातमी आहे, असंही तो म्हणाला आणि कागद बाजूला ठेवला. ती तिथेच उभी राहिली. पाचच्या बुलेटिनमधली क्रिकेटची एक बातमी ऐनवेळी गळली नसती, तर कदाचित तो कागद तिथेच राहिला असता. सलिलनं तो न बघताच तिच्याकडे सरकवला.

बूथमध्ये वल्लरीला आधी आवाज सापडेना. इतक्या वर्षांत तिनं असं काही वाचलंच नव्हतं, कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. शेवटी आईला सांगितलं होतं तसंच तिनं वाचलं : “शुक्रवारी डोंबिवलीतल्या एका इमारतीत सापडलेल्या पिशवीत मेथी होती. पिशवी बायजा यांची होती. त्या तिथे स्वयंपाकाला येतात आणि ती पिशवी दाराशी ठेवून औषध आणायला गेल्या होत्या. त्यांच्यावर आम्ही दाखवलेला संशय चुकीचा होता.” शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. काचेपलीकडे सलिलनं वर पाहिलं, पण थांबवायला हात वर केला नाही.

बातमी संपल्यावर ती आवारात आली. खाडीवरून येणारी संध्याकाळ जुन्या शेडच्या पत्र्यांवर राखाडी पसरत होती. फोन वाजला. ऐकलं, असं बायजा म्हणाली. शेजारच्या चार बायका खास ऐकायला येऊन बसलेल्या. त्यातली एक म्हणाली की मेथी आता महाग झालीय, आणि मग सगळ्या हसल्या.

दुसऱ्या घरून मात्र बोलावणं आलं नाही, ते आलंच नाही. तो व्हिडिओही कुणाकुणाच्या फोनमध्ये राहिला. बायजा मंदाकिनीबाईंकडे बुधवारपासून येऊ लागली. त्याच आठवड्यात आनंद स्वतः चार मजले चढून आला आणि आमच्याकडेही स्वयंपाकाला याल का, म्हणून तिला विचारलं. विचार करून सांगते, असं ती म्हणाली, आणि तिनं खरोखरच विचार केला. आनंद रोज जिन्यात तिला नमस्कार करत राहिला. पुढच्या सोमवारी तिनं नाही म्हणून सांगितलं.