पांढऱ्या पट्ट्यांच्या मनीप्लांटची निगा, वहिनींनी ठेवली तशी

उजेड. भरपूर हवा, पण ऊन अंगावर नको. थोरल्या जाऊबाईंच्या ब्यूटी पार्लरमध्ये मी त्याला काचेच्या दाराशी ठेवलं होतं. त्यांना मी वहिनी म्हणते. पार्लर त्यांचं, थ्रेडिंग माझं आणि झाडही माझं. घरून नेलेली एक फांदी मी छतापर्यंत चढवली होती. अर्धं पान दुधासारखं, अर्धं हिरवं. फेशियल झालं की बायका त्याच्यापाशी उभ्या राहून फोटो काढायच्या.

आधार. वेल आहे, काथ्या गुंडाळलेली काठी लागते. एका दुपारी मी गिऱ्हाइकाच्या तोंडाला ब्लीच लावत होते, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, उद्यापासून येऊ नकोस. माझी बहीण येणारे."

गिऱ्हाइकाला तोंड हलवता येत नव्हतं. डोळे मात्र माझ्याकडे वळले.

"बरं. झाड नेते मग."

"झाड कशाला? दुकानात वाढलंय, दुकानाचं ते."

मीही दुकानातच इतकी वर्षं काढली होती. मला नाही कुणी ठेवून घेतलं.

पाणी. जाऊ दे. पाणी कुणीही घालतं.

उजेड, पुन्हा. बहिणीने आल्या आल्या झाड आत, केस धुवायच्या बेसिनशेजारी सरकवलं. पांढरा भाग नुसता बसून खातो, कमावतं ते हिरवं. अंधारात हे परवडत नाही. मग एखादी फांदी निव्वळ हिरवी फुटते, बाकीच्यांपेक्षा जोरात धावते आणि सगळं झाड बळकावते. ती दिसली की कापायची. एवढीच काय ती निगा.

वहिनींचा फोन आला. मी कपडे वाळत घालत होते, दातात चिमटा होता.

"अगं, हिरवीगार पानं फुटतायत, केवढाली! बरं ना?"

चिमटा काढला. "हिरव्याला जोर असतो, वहिनी."

"तुझ्यापेक्षा हिच्या हाताला गुण आहे म्हणायचा."

"आहेच."

खोटं एक अक्षर बोलले नाही. चिमट्याचे मात्र दोन तुकडे झाले होते.

छाटणी. केली नाही. कुणीच. येता-जाता मी काचेतून आत बघायची. पांढरं एकेक पान गळत होतं आणि ते मीच वाढवलेलं होतं. तरी दार ढकललं नाही.

शेवटी वहिनी वैतागल्या. "ने बाई तुझं ते रान! कुणी ढुंकून बघत नाही त्याच्याकडे." मागच्या मोरीत, पोछ्याच्या बादलीशेजारी ठेवलं होतं.

छाटणी, आता खरी. बुडाशी, उघड्या पडलेल्या जुन्या खोडावर, एका पेरापाशी पांढरी रेघ उरली होती. तिच्यावरचं सगळं उडवलं. कुंडी खिडकीत ठेवली. बरेच दिवस नुसता खुंट. मग पान आलं. पट्ट्यासकट.

आज वहिनी घरी आल्या. न सांगता.

"अय्या, किती सुरेख! कुठून आणलंस?"

"तुमच्या मोरीतून."

त्या हसल्या. मग जवळ गेल्या, काठी ओळखली, आणि हसायच्या थांबल्या. मी सगळं समजावून सांगितलं. कुठली फांदी, कधी, कुठून कापायची. सावकाश, बोट ठेवून.

"मग तेव्हाच सांगायचं नाहीस?"

"तुम्ही 'बरं ना' विचारलंत. कापू का, असं कुठे विचारलंत?"

"मुद्दाम वाट लावलीस तू माझ्या झाडाची!"

"दिवसभर लोकांचे केस कापता, वहिनी. कात्री तुमच्या हातात होती."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पदराशी चाळा केला.

"बहीण गेली सोडून," त्या म्हणाल्या. "दोन खुर्च्या, मी एकटी. गिऱ्हाइकं तुझंच नाव काढतात. म्हणून तुला…"

एरवी मी लगेच म्हटलं असतं, असू दे हो, येते मी.

"मला काय?" मी म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले, त्यांचं तोंड नीट दिसावं म्हणून.