शिडी कोणी धरायची

दारातल्या दोरीखालून वाकून जायचे कष्ट रंगारणीने घेतले नाहीत. तिने पिशवीतून कात्री काढली आणि दोरी कचकन कापली. मागे उभ्या असलेल्या गावकऱ्यांतून एकदम "अहो, अहो!" असा आवाज उठला. दोन वर्षं त्या दोरीपलीकडे चपला घालून कुणी गेलं नव्हतं. ही चांगली बूट घालून आत गेली.

आत शाळेची खोली होती. म्हणजे चार भिंती होत्या, भिंतींवर वासे होते आणि निम्म्या वाशांवर पत्रे. उरलेल्या निम्म्यातून ऊन सरळ जमिनीवर पडत होतं. समोर तिच्या लेकीचा फोटो लावला होता, चांगला हातभर मोठा. खाली डब्यात ताजी फुलं. फोटोतली लेक हसत होती आणि काचेवर, नेमका तिच्या कपाळावर, पावसाच्या पाण्याचा एक तपकिरी ओघळ सुकला होता.

आता ही रडेल असं सगळ्यांना वाटलं. दोन बायका तर तिला सावरायला पुढेही सरकल्या. रंगारणीने रुमालाचं टोक जिभेने ओलं केलं आणि लेकीचं कपाळ खसाखसा पुसलं, शाळेत धाडताना पुसायची तसंच. मग ती वळली.

"पोरं कुठे बसतात?"

मास्तर घसा खाकरून पुढे झाले. "धान्याच्या कोठारात बसवतो, ताई. जरा अंधार असतो, पण भागतं."

"आणि ही खोली?"

"ही तशीच ठेवली आम्ही. तुमच्या लेकीची आठवण म्हणून. तिच्यामागे इथे हातोडा उचलायचा कुणाला धीरच झाला नाही."

"वा रे वा! आठवण पावसात भिजतेय आणि पोरं अंधारात बसलीत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच."

तिला बोलावलं होतं ते पाहुणी म्हणून. सेवा करणाऱ्या ज्या संस्थेबरोबर लेक दोन वर्षांपूर्वी इथे आली होती, तिचीच तुकडी यंदा गावाला पाण्याची टाकी बांधून द्यायला निघाली होती. रंगारणीने तुकडीबरोबर यावं, फोटोसमोर चार शब्द बोलावेत आणि परतीच्या जीपमध्ये बसावं, एवढाच बेत होता. घरी त्यावरूनही रामायण झालं होतं. "ज्या गावाने पोरगी खाल्ली, तिथलं पाणी घशाखाली उतरेल तुझ्या?" नवऱ्याने विचारलं होतं. धाकटी बहीण म्हणाली होती, "अगं, तुझं काळीज आहे की दगड?"

"दगडच आहे," रंगारीण म्हणाली होती, "म्हणून तर बांधकामावर चाललेय."

आणि रंगाचे डाग पडलेली कामाची विजार, हातोडा न् खिळे पिशवीत भरून ती निघाली होती. आगगाडी, मग बस, मग हाडं खिळखिळी करणारी जीप. वाटेत ती कुणाशी फारसं बोलली नाही. तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती गावात पोचूनच विचारायची होती.

ती आता खोलीमागे जाऊन पत्र्यांची थप्पी बघत होती. गवतात बुडाली होती, पण पत्रे शाबूत होते. तुकडीप्रमुख तिच्यामागे धावत आला. पोरगा गुणी होता, पण भारी घाबरट.

"काकू, आपलं काम टाकीचं आहे. छपराची परवानगीच नाही. काही झालं तर मी वर काय सांगू?"

"सांग, म्हातारी ऐकत नव्हती. खोटं थोडंच आहे?"

एव्हाना सगळं गाव गोळा झालं होतं. रंगारणीने कमरेवर हात ठेवले, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं.

"त्या दिवशी शिडी कोणी धरली होती?"

बायका जमिनीकडे बघायला लागल्या.

"वारा फार होता हो, ताई," मास्तर हळूच म्हणाले. "आम्ही कळवलं होतं तसं."

"कळवलं होतंत. पण वाऱ्याच्या हातात शिडी दिली होती का कुणी?"

तीस वर्षं तिने लोकांच्या भिंती रंगवल्या होत्या. वरचा माणूस खालच्याच्या भरवशावर असतो, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. लेकही त्याच शिडीखाली रंग ढवळत मोठी झाली होती. ती उगाच पडणारी पोर नव्हती. वाऱ्याने तर नाहीच नाही.

"मी धरली होती."

आवाज मागून आला. लोक बाजूला झाले. पस्तिशीचा एक सुतार उभा होता, खांदे पडलेला, आपलेच हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला पाठीशी घातलं होतं. तो मात्र त्या दिवसापासून जमिनीवर बसून होईल तेवढंच काम करायचा. बाकं, पाट, दाराच्या चौकटी. साध्या स्टुलावरही चढायचा नाही.

"चहा आला म्हणून मागे वळलो," तो म्हणाला. "हात सुटले. तेवढ्यात..."

दोन वर्षं रंगारीण या माणसाशी मनातल्या मनात भांडत आली होती. त्याच्या तोंडात मारायची, त्याला शिव्याशाप द्यायचे, त्याच्या दारात बसून टाहो फोडायचा, सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. चहा! एक कपभर चहा! तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"तुमची शिडी आहे अजून?" शेवटी तिने विचारलं.

"आहे. माळ्यावर टाकलीय."

"घेऊन या."

त्याने आणली. रंगारणीने एकेक पायरी ठोकून पाहिली, शिडी भिंतीला लावली आणि हातोडा कमरेला खोचला.

"धर आता."

सुतार दोन पावलं मागे सरला. "मावशी, पाया पडतो तुमच्या. दुसऱ्या कुणालाही सांगा. एवढं गाव आहे."

"दुसरा कुणीही चहा आला की मागे वळून बघेल," रंगारीण म्हणाली. "तू नाही बघणार."

सुतार पुढे आला. त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली, खालच्या पायरीवर पाय रोवला आणि डोळे तिच्या बुटांवर खिळवले. रंगारीण चढली. वर पोचल्यावर तिने एकदाच खाली पाहिलं. आपली पोर इथूनच गेली, हे तिला कळलं. तिने वाशाला मिठी मारून दोन श्वास घेतले आणि ती खेकसली, "काय बघत बसलात सगळे? पत्रा द्या की वर!"

मास्तरांनीच पहिला पत्रा उचलला. मग बाकीच्यांना लाज वाटली. माणसं आतून पत्रे वर सरकवू लागली, रंगारीण खिळे ठोकू लागली. गावातल्या पोरांना असा तमाशा कधी मिळाला नव्हता. प्रत्येक पत्रा बसला की पोरं आनंदाने ओरडत होती. तुकडीप्रमुख थोडा वेळ कपाळाला हात लावून बसला, मग बाह्या सरसावून आत गेला. सुताराशी कुणी बोलायला गेलं की तो नुसती मान हलवायचा. माशी नाकावर बसली तरी त्याने हात काढला नाही.

ऊन उतरलं तेव्हा दोनच पत्रे बाकी राहिले होते, अगदी वरच्या टोकाचे. रंगारणीचे गुडघे भरून आले होते. ती एकेक पायरी चाचपत खाली आली. सुताराचे हात लाल झाले होते, बोटं आखडली होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली. इतक्या जवळून तिने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. तोही झोपला नव्हता बरेच दिवस.

"राहिलेले दोन उद्या," ती म्हणाली. "उद्या वर तू जायचंस. खाली मी धरते."

सुताराने वरच्या टोकाकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"का रे? भीती वाटते?"

"वाटते," तो म्हणाला.

"वाटू दे," रंगारीण म्हणाली. "सकाळी लवकर ये."