गुलाबी शर्ट

माझा नवरा परीक्षक आहे. एका वेबसाइटसाठी तो टीव्ही, स्पीकर, प्रोजेक्टर असल्या वस्तू तपासतो आणि त्यांना गुण देतो. कंपन्या वस्तू पाठवतात, हा त्यांची चिरफाड करतो, वस्तू परत जातात. त्यामुळे आमच्या घरात सगळं येतं आणि काहीच राहत नाही. मी त्याला न्यायमूर्ती म्हणते. आधी चिडायचा, आता ओ देतो.

कोर्ट भरतं आमच्या बैठकीच्या खोलीत. खिडक्यांना जाडजूड काळे पडदे, समोरची भिंत करडी. का, तर पांढऱ्या भिंतीवरून उजेड उसळतो म्हणे. तपासणी चालू असताना मी पांढरे कपडे घालून फिरायचं नाही, फोन बघायचा नाही, फ्रीज उघडायचा नाही. भर दुपारी मी माझ्याच घरात चाचपडत चालते. एकदा सोफ्याच्या पायावर करंगळी आपटली तेव्हा मी जी मुक्ताफळं उधळली, ती ऐकून हा शांतपणे म्हणाला, "जरा हळू, पंख्याचा आवाज मोजतोय."

प्रोजेक्टर पारखायचा तर ओळखीचं चित्र लागतं. "ज्याचे खरे रंग आपल्याला ठाऊक आहेत, तेच चित्र लावायचं," असं त्याचं ब्रीद. म्हणून त्याने मागे बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खिडकीशी बसवून एक छोटा व्हिडिओ काढला होता. अंगात पांढरा शर्ट, मांडीवर काळी छत्री, हातात लाल सफरचंद. माणसाचा पार रंगांचा तक्ता करून टाकला! बाबा बिचारे सफरचंद सोलतायत आणि मधेच म्हणतायत, "झालं का रे तुझं? मान अवघडली माझी." त्यानंतर वर्षाच्या आत बाबा गेले. यकृताचा आजार, कळला तेव्हा फार पुढे गेला होता. व्हिडिओ मात्र अजून नोकरीत आहे. घरात आलेला प्रत्येक प्रोजेक्टर बाबांच्याच चेहऱ्यावर पास किंवा नापास होतो.

आणि दर वेळी आई, माझ्या सासूबाई, हळूच येऊन मागच्या खुर्चीत बसतात. त्यांना छत्रीच्या काळेपणाशी काय देणंघेणं? त्या नवरा बघायला येतात. भिंतभर बाबा दिसतात, जवळजवळ खरे होते तेवढे. तेवढ्यात न्यायमूर्ती चित्र थांबवतो आणि पुढे जाऊन भिंतीला नाक लावतो.

"छत्रीच्या घड्या दिसत नाहीयेत."

"दिसतायत की रे," आई म्हणतात. "जरा बाजूला हो."

मग मशीन खोक्यात जातं, खोकं दारातून जातं, आणि बाबाही जातात. मी एकदा म्हटलं, "आई, फोनवर लावून देऊ का?" त्या म्हणाल्या, "नको गं. फोनवर ते बोटाएवढे दिसतात. माझं लग्न काय बोटाशी झालं होतं?"

अशात तो स्वस्तातला प्रोजेक्टर आला. खोक्यावर भलीमोठी अक्षरं: फुल एचडी, घरच्या घरी थिएटर. आतून निघाला चपलांच्या खोक्याएवढा डबा. नाव मोठं, लक्षण खोटं. चालू केला तर पंख्याची अशी घरघर, की शेजारीण विचारायला आली, मिक्सर बिघडलाय का. चित्र मधे स्वच्छ, कोपऱ्यांत फिसकटलेलं. न्यायमूर्तींच्या चेहऱ्यावर ते खास हसू आलं, जे कुणाला तरी नापास करताना येतं. मग त्याने बाबांना लावलं.

"अरे देवा!" तो ओरडला. "हा काय रंग आहे? किती तो लाल! शर्ट गुलाबी झालाय! सफरचंद तर पेटलंय नुसतं!"

खरंच बाबा गुलाबी शर्ट घालून बसले होते. गाल भरल्यासारखे, कान लालेलाल, एखादा टेकडी चढून आलेला माणूस असतो तसे. मला हसू आवरेना. मागून आईंचा आवाज आला.

"किती तजेलदार दिसतायत रे."

त्या खुर्ची सोडून पुढे आल्या होत्या. "हा परत पाठवू नकोस. हा मला हवा."

नवऱ्याने मान हलवली. "आई, हा भंगार आहे. तुला हवा तर मी चांगला घेऊन देतो."

"चांगला नको. हाच."

आईंनी आजवर कधी काही मागितलेलं नाही. जेवताना मीठसुद्धा मागत नाहीत, आळणी खाऊन उठतात. त्यामुळे स्वयंपाकघरात नेऊन मी न्यायमूर्तींना सुनावलं, "तुझे निकाल ठेव बाजूला. तुझ्या आईला नवरा सापडलाय." त्याने नाक मुरडत कंपनीला कळवलं की प्रोजेक्टर मी विकत घेतोय. कंपनीवाले हरखून गेले. परीक्षकानेच स्वतःसाठी ठेवून घेतला, याची जाहिरात केली तर चालेल का, असं विचारू लागले.

इथवर सगळं छान होतं. पण जित्याची खोड. रविवारी आई देवळात गेल्या आणि हा रंग मोजायचा मीटर, ट्रायपॉड आणि रिमोट घेऊन भिंतीसमोर बसला.

"काय चाललंय?"

"आईला असा देऊ का मी? नीट करून देतो."

"अरे, त्यांना आवडलाय तसाच—"

"तिला फरक कळत नाही गं. एकदा खरे बाबा बघू दे, मग बोल."

सकाळभर तो लाल कमी कर, हिरवा वाढव, असं करत राहिला. स्वस्त डब्यातून त्याने काय काढलं हे मलाही कबूल करायला हवं: छत्री काळी झाली, सफरचंद सफरचंदासारखं झालं, शर्ट पांढराशुभ्र. आई आल्या तेव्हा त्याने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. इतका खूश मी त्याला क्वचित पाहिलाय.

"बघ आई. अगदी होते तसे."

बाबा सफरचंद सोलू लागले. आई पुढे वाकून त्यांचा चेहरा निरखू लागल्या.

"चेहऱ्यावर थोडी पिवळी झाक आहे," तो उत्साहाने सांगू लागला, "ती मशीनची नाही. ती खिडकीतल्या उन्हाची. ती दिसलीच पाहिजे."

"उन्हाची नाही रे ती," आई म्हणाल्या. "ऊन काय फक्त तोंडावर पडतं? शर्ट बघ की."

त्याने शर्ट बघितला. मीही बघितला. पांढराशुभ्र होता.

"हा व्हिडिओ तू पहिल्यांदा भिंतीवर लावलास ना," आई सावकाश बोलत होत्या, आवाजात राग नव्हता, "तेव्हा ते स्वतः म्हणाले होते, मी असा पिवळा कसा? डोळेसुद्धा? तू म्हणालास, मशीनचा दोष आहे. त्यांना इतकं बरं वाटलं. डॉक्टरकडे जायचं म्हणत होते, ते राहिलं. मलाही वाटलं, याला कळतं."

भिंतीवरून बाबा म्हणाले, "झालं का रे तुझं?" नवऱ्याने घाईघाईने चित्र बंद केलं. खोलीत पंखाच घरघरत राहिला.

"अरे, बंद कशाला केलंस?" आई म्हणाल्या. "परत बिघडव तेवढं. परवा होते तसे कर."

त्याच्या हातून बटणं दाबली जाईनात. रिमोट मी घेतला आणि कंपनीने ठेवले होते ते रंग परत आणले. गुलाबी शर्टातले, लालबुंद गालांचे बाबा भिंतीवर आले. आईंनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या. "हां. आता कसे!"

दुपारी तो लिहायला बसला. निकाल त्याच दिवशी द्यायचा होता. पंखा, कोपरे, आवाज, सगळ्यांचे गुण भरून झाले. चेहऱ्याच्या रंगापाशी येऊन तो थांबला. मी चहा ठेवला आणि सवयीने म्हटलं, "काय न्यायमूर्ती, किती देताय?"

"तूच दे काहीतरी," तो म्हणाला. "मला रंग कळत नाहीत गं."

आणि टेबलावर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा रडायला लागला.